पांढरी पूड, तांबडा चिरा आणि एक कासव

दुकानात कापड घेताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "रंग जाणार नाही ना?" माझी सगळी नोकरी याच्या उलटा प्रश्न विचारण्यात गेली. रंग जाणार कधी? आणि पुढे पुढे तर, गेला तो गेला कुठे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडंफार सापडलं. दुसऱ्याचं अजून सापडायचं आहे. संपादकांनी 'कामाविषयी लिहा' म्हटलं तेव्हा मी त्यांना आधीच सांगून टाकलं की बाबा रे, लिहीन, पण वाचकाच्या पदरात गोंधळच पडेल. ते म्हणाले, चालेल. तेव्हा आता जबाबदारी त्यांची.

अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून लागले. रसायनतज्ज्ञ हे नेमणुकीच्या कागदावर. प्रत्यक्षात कारखान्याच्या पाठीमागे, जिथे सगळं वापरलेलं पाणी येऊन पडतं, तिथल्या टाक्या माझ्या ताब्यात. आमचे अब्बा मिरकरवाड्याचे, ट्रॉलरवाले. ते पाहुण्यांसमोर मुद्दाम विचारायचे, "नसीम, बी. एस्सी. कशाला केलंस गो? गटार राखायला?" मी म्हणायची, "अब्बा, तुमच्या बोटीवरच्या बर्फाच्या खणापेक्षा माझ्या गटाराला वास कमी येतो." यावर पाहुणे हसायचे आणि अब्बा सगळ्यांत जास्त हसायचे.

सूत रंगवणं बाहेरून सोपं दिसतं. सुताच्या लडी गरम पाण्यात सोडायच्या, त्यात रंग, मीठ आणि सोडा घालायचा. सूत त्याला हवा तेवढा रंग पितं आणि मग तोंड फिरवतं. उरलेल्या रंगाला तुम्ही कितीही विनवा, तो आता सुताला चिकटत नाही. मग लडी धुवायच्या, परत धुवायच्या, साबण लावून धुवायच्या, आणि प्रत्येक धुण्याचं पाणी माझ्याकडे. आमचं सूत आखातात जाणाऱ्या लुंग्यांसाठी विणकरांकडे जायचं, म्हणून रंग मुख्यतः दोन. महिनाभर लाल, महिनाभर हिरवा. हिरव्याशी माझं जमायचं. लाल मात्र हट्टी. चिमूटभर लाल अख्खा हौद लाल ठेवतो.

त्यावरचा उपाय जुना होता. पाण्यात चुना आणि हिराकस हा लोखंडाचा क्षार कालवायचा, म्हणजे रंग गोळा होऊन गाळ तळाशी बसतो, आणि वरचं पाणी पुढे सोडायचं. सगळा रंग कधी बसत नसे. लालाचा गुलाबी व्हायचा एवढंच. खाली बसलेला गाळ वाफ्यांत पसरून उन्हात वाळवायचा. ही युक्ती ज्याने काढली तो कोकणात राहिलेला नसणार. आमच्याकडे चार महिने अंगावरचा कपडा वाळत नाही तिथे गाळ कुठला वाळतो! पावसाळाभर गाळाच्या गोणी व्हरांड्यात ओळीने बसलेल्या असायच्या, आणि शेठ येता-जाता त्यांच्याकडे असे बघायचे जशी मीच माहेरची माणसं आणून बसवली आहेत. हे आमचे शेठ म्हणजे कारखान्याचे मालक. तोंडाने फटकळ, मनाने भित्रे आणि एकंदरीत सज्जन.

कारखाना सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, आणि सड्याच्या उतारावर दत्तारामदादांची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका. मधून एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, वाहतो. आमचं वरचं पाणी त्या पऱ्यात जायचं आणि पऱ्या दादांच्या विहिरीला वळसा घालून पुढे. एके दिवशी दादा येऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. हातात काचेची बाटली.

"बाय, ह्या माज्या हिरीचा पानी."

पाण्यात गुलाबी झाक होती. आमच्याकडे जमीनच तांबडी, त्यामुळे तांबूस पाणी बघून कोणी दचकत नाही. मी बाटली फळीवर ठेवून दिली. मातीचा रंग असला तर रात्रीत खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. रंगाचा रंग असला तर बसत नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं, बसला नव्हता.

मी दादांच्या वाडीत गेले. त्यांनी भांडण काढलं नाही. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं, भांडायला मी तयारच असते. त्यांनी मला विहिरीच्या कठड्याशी नेलं आणि म्हणाले, "ही हीर माज्या बापानं कातळ फोडून खनलान. तवा सुरुंग नव्हता, पहार नि घण. माज्या हातून दुसरी व्हनार नाय. नळ हिते येत नाय. कलमा ह्याच पान्यावर, घर ह्याच पान्यावर. ही तेवढी राख, बाय."

तेवढ्यात पाण्यात काहीतरी हललं. कासव. जुन्या विहिरींत पाणी स्वच्छ राहावं म्हणून आमच्याकडे कासव सोडतात, ते दादांच्या वडिलांनी सोडलेलं. दादांची बायको सुगंधावहिनी म्हणाली, "ते हाय तंवर पानी बरा हाय असा आमी धरतो." कासवाने मान वर काढून आमच्याकडे बघितलं आणि परत खाली गेलं. ते आमच्याविषयी काय समजलं कोणास ठाऊक.

शेठ घाबरले. त्यांना लोकांचा राग परवडणारा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही वाईट वाटलं होतं. ओळखीतून ओळख काढत त्यांनी मुंबईच्या एका महाविद्यालयातले संशोधक गाठले. देवधर सर. किडकिडीत, अति नम्र, आणि बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'बहुतेक' जोडायची सवय. त्यांनी पिशवीतून एक बरणी काढली. आत पांढरी पूड, पावडरच्या डब्यातल्यासारखी.

"ही नॅनो पूड," ते म्हणाले.

तोवर हा शब्द रत्नागिरीत फारसा पोचला नव्हता. सरांनी आम्हाला समजावलं ते असं. खडीसाखरेचा खडा फोडला की त्याच्या चुऱ्याला पाणी लागायला जास्त जागा मिळते. असा चुरा करत करत इतकं बारीक जायचं की एकेक कण डोळ्यालाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालासुद्धा दिसत नाही. इतकं बारीक झालं की ती वस्तू वेगळी वागायला लागते. भिंतीच्या पांढऱ्या रंगात हेच द्रव्य असतं, पण जाड, म्हणून ते मुकाट भिंतीवर बसून राहतं. ही पूड मात्र ऊन लागलं की पाण्यातल्या रंगाचे तुकडे करते.

"तुकडे होतात ते कुठे जातात?" मी विचारलं.

"त्यांचा वायू होतो, पाणी होतं. काही उरत नाही." मग जरा थांबून, "बहुतेक."

पहिला प्रयोग आम्ही प्लास्टिकच्या टबांत केला. सड्यावर ऊन काय विचारता! सकाळी लाल पाण्यात पूड ढवळली आणि दुपारचं जेवण करून आलो तर लाल गायब. मी तोवर गोळ्या-गोळ्यांनी खाली बसणारा रंग बघितला होता. हा बसलाच नाही, नुसता नाहीसा झाला. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली, एकाच वेळी, आणि कशाची ते सांगता येईना.

पण आता पाणी झालं पांढरं. पूड खाली बसेना. मलमलीतून गाळलं, पूड आरपार. कॅनव्हासमधून गाळलं, तरी आरपार. संध्याकाळी अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे लाल पान्याचा ताक केलंस. आता लोनी पन काढ."

सर म्हणाले, पूड कशावर तरी चिकटवून ठेवायला हवी. ती जागेवर राहील आणि पाणी तिच्यावरून वाहील. मुंबईत ते काचेवर चिकटवतात. "इथे काय मिळतं?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही सगळे हसलो. इथे काय मिळणार? जांभा! रत्नागिरीत जमिनीखालून दुसरं निघतं काय? तांबडा, भोकाभोकांचा दगड. खाणीतून त्याचे चिरे कापतात आणि घरं, कुंपणाचे गडगे, विहिरी, सगळं त्यातच बांधतात. सरांनी एक चिरा हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि त्यांचे डोळे चमकले. एवढी भोकं, म्हणजे पुडीला बसायला घरंच घरं.

मग चिरे मधोमध कापून घेतले, पुडीची खीर करून ब्रशने थापली आणि वाळवायला सुताच्या गरम खोलीत ठेवले. तिथे शेठच्या हिरव्या लडी वाळत होत्या, त्यांच्यावर पांढरी पूड बसली. त्या दिवशी शेठ जे ओरडले ते पऱ्यापलीकडे ऐकू गेलं असेल. पण चिरे तयार झाले. उन्हात उतरत्या पायऱ्यांसारखे मांडले, वरून लाल पाणी सोडलं, खालचं पाणी पंपाने पुन्हा वर. दिवस मावळायच्या आत खालून निघालं ते पाणी. नुसतं पाणी. ताकही नाही.

पुढचे काही महिने आमच्या कारखान्यात जत्राच होती. शेठ येईल त्या पाहुण्याला पाठीमागे आणायचे, काचेचा ग्लास भरायचे आणि उजेडात धरायचे. "बघा! लाल रंग होता हा!" तपासणीचे अधिकारी आले, त्यांनी नमुने नेले, तेही बरे निघाले. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं म्हणजे दादांची विहीर नितळली. ते मला मुद्दाम सांगायला आले. जाताना एक कलम देऊन गेले. ते आज माझ्या अंगणात आहे आणि आंबे धरायचं सोडून नुसतं पसरतं.

इथेच हा लेख संपवता आला असता, आणि मग माझं नाव झालं असतं. पण मुंबईहून सरांचा फोन आला.

"मॅडम, इथे काचेवर तेवढा वेग येत नाही. तुम्ही एक कराल? पूड न लावलेल्या कोऱ्या चिऱ्यावरून पाणी सोडून बघाल?"

मी सोडलं. रंग गेला.

मी फोन केला. सरांनी माझ्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं. मग, "आता वर ताडपत्री टाकून, उन्हाशिवाय बघा."

बघितलं. सावकाश गेला, पण गेलाच.

आता मला सांगा, काय समजायचं? पूड होती, ऊन होतं, चिरा होता. तिघा भावांच्या सामाईक बोटीसारखा प्रकार. मासळी आली आहे खरी, पण जाळं ओढलं कोणी हे कोणालाच माहीत नाही. सर म्हणाले, चिऱ्यात लोखंड आहे, ते रंग ओढून घेत असेल. म्हणजे रंगाचे तुकडे झाले नाहीत? काही झाले असतील, काही चिऱ्याने प्यायले असतील. किती तुटला आणि किती प्यायला? "सांगणं अवघड आहे, मॅडम." मी चिऱ्यांकडे बघायची. तांबडा दगड, त्याच्या पोटात लाल रंग असला तर दिसणार कसा? हिरव्या झाडीत पोपट शोधण्यातला प्रकार. एक वापरलेला चिरा मी बादलीभर पाण्यात बुडवून ठेवला, रात्रभर. सकाळी पाणी स्वच्छ. म्हणजे प्यायला नसेल. किंवा प्यायला असेल आणि सोडत नसेल. मला तेव्हापासून रात्री झोपताना डोळ्यांपुढे जांभा यायला लागला.

काही काळाने चिरे मंदावले. आम्ही ते काढून नवे बसवले आणि जुने कंपाउंडला टेकून रचून ठेवले. आता कोकणातल्या माणसाला एक खोड आहे. तो चिरा टाकत नाही. पडक्या गोठ्याचा चिरा न्हाणीघराला लागतो, न्हाणीघराचा तुळशीकट्ट्याला, तुळशीकट्ट्याचा गडग्याला. रचून ठेवलेले चिरे दिसले की माणूस थबकतो आणि मनातल्या मनात काहीतरी बांधायला लागतो. त्या उन्हाळ्यात फणसाची फांदी पडून दादांच्या विहिरीचा कठडा आणि आतले काही थर ढासळले होते. त्यांनी विचारलं, शेठनी हो म्हटलं. बादलीतलं पाणी मी बघितलंच होतं, तेव्हा मीही मान डोलावली. शेठनी स्वतःचा टेंपो देऊन चिरे पोचवले, आणि गवंड्याने मे संपायच्या आत सिमेंटमध्ये कठडा उभा केला. सगळे खूष. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

पाऊस लागला आणि विहीर गुलाबी झाली.

आता यातली गंमत ऐका. कारखान्यात हिरवा चालू होता. लाल रंगाची गोणीसुद्धा महिनाभर उघडली नव्हती. माझ्या टाक्या हिरव्या, माझे वाफे हिरवे, पऱ्यात जाणारं पाणी नितळ, आणि विहीर गुलाबी! मी पाइप तपासले. टाकीच्या तळाला भेग पडली असेल म्हणून टाकी रिकामी करून तिच्यात उतरले. शेठनी कंपाउंडजवळ खड्डा खणून घेतला, त्यात पावसाचं पाणी भरलं, आणि त्या तांबड्या पाण्याकडे बघून ते "सापडलं! सापडलं!" ओरडले. ती माती होती. बाटलीत खाली बसली.

देवधर सर मुंबईहून आलेल्या एस.टी.तून भिजत उतरले आणि त्याच कपड्यांनी टाक्यांभोवती फिरायला लागले. ते, मी आणि शेठ, तिघेही एकमेकांना तेच तेच विचारत होतो. शेठ म्हणाले, "कारखाना बंद करतो, दुसरं काय!" मी म्हटलं, "बंदच आहे हो लाल, आणखी काय बंद करणार?"

दादांनी कासव वर काढलं होतं. अंगणातल्या जुन्या पिंपात पावसाचं पाणी धरून त्यात ठेवलं होतं. ते पिंपाच्या कडेला पाय लावून सारखं वर चढायला बघायचं आणि घसरायचं. त्या नखांचा आवाज मला अजून आठवतो.

नमुना घ्यायला मी कठड्यावर ओणवी होऊन कळशी सोडली. पाऊस कोसळत होता, ओढणी भिजून कठड्याला चिकटली. घरी येऊन बघते तर पांढऱ्या ओढणीला डाग. जांभ्याची माती लागली असेल म्हणून नळाखाली धरली. मातीचा डाग धुताना गढूळ पाणी सोडतो. ह्यातून सुटलं ते स्वच्छ, नितळ गुलाबी. म्हणजे रंग कठड्यातूनच येत होता. मी नळ तसाच सोडून मोरीत उभी राहिले. मग अम्मी नळ बंद करायला आली आणि माझ्या तोंडाकडे बघून गुपचूप परत गेली.

दुसऱ्या दिवशी सरांच्या समोर मी उरलेल्या जुन्या चिऱ्याचा एक तुकडा साध्या पाण्यात टाकला. काही नाही. कठड्यात चिऱ्याला नवी लागलेली गोष्ट एकच होती, म्हणून दुसरा तुकडा टाकला आणि त्यात मूठभर सिमेंट कालवलं. बघता बघता पाणी लाल झालं. महिन्यांपूर्वी आम्ही 'घालवलेला' लाल, अगदी ओळखीचा, आमच्याच लुंग्यांचा. चिऱ्याने तो गिळून ठेवला होता. साध्या पाण्याला दाद दिली नव्हती, पण ताज्या सिमेंटचा दाह लागल्यावर ओकून टाकला.

"सिमेंटमुळे," सर हळूच म्हणाले. "बहुतेक."

एरवी मी त्यांच्या अंगावर गेले असते. त्या दिवशी मला त्यांची दया आली. स्वतःचीही आली.

शेठनी एका शब्दाने वाद न घालता कठडा उतरवला, आतले थर काढले, खाणीतून कोरे चिरे आणून दिले. पंप लावून विहीर उपसली, तळ घासला, पुन्हा उपसली. पावसाचे दिवस, झरे जोरात, विहीर लवकर भरली. पाणी नितळ. मी तपासलं, जे जे माझ्या छोट्या प्रयोगशाळेत तपासता येत होतं ते सगळं. काही वावगं नव्हतं.

मी सांगायला गेले तेव्हा दादा अंगणात कासव दोन्ही हातांत धरून उभे होते. सुगंधावहिनी दारात. पाऊस थांबला होता.

"बाय, सोडू?"

किती साधा प्रश्न! हो म्हणायचं आणि चहा पिऊन घरी यायचं. रंग नाही हे मला दिसत होतं. पण रंग नसणं म्हणजे काय हेच तर या पुडीने आणि चिऱ्याने मला कळेनासं केलं होतं. चिऱ्याने गिळलेला रंग लाल होता, म्हणून ओकल्यावर दिसला. पण पुडीने खरंच काही रंगाचे तुकडे केले असतील, तर त्या तुकड्यांना रंगच नाही. ते पण चिऱ्यात बसले असतील आणि सिमेंटने त्यांनाही बाहेर काढलं असेल तर? ते मला कसे दिसणार? त्यांतले काही निरुपद्रवी असतात, काही नसतात. कोणते, ते माझ्या फळीवरच्या बाटल्या सांगू शकत नव्हत्या.

"दादा, मला सांगता येत नाही," मी म्हटलं.

"तुला नाय तर कुनाला?"

"सरांनी पाणी मुंबईला नेलंय तपासायला. तोवर थांबू या. कासव आणखी थोडे दिवस पिंपातच राहू दे. उगाच धोका कशाला?"

"बरा," दादा म्हणाले आणि कासव पिंपात ठेवायला वळले. मग तिथूनच, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमी पितोच हाव. ह्याचा म्हनून इचारला. त्याला बोलाया येत नाय."

मला आधी कळलंच नाही. "काय पिताय?"

"पानी," वहिनी म्हणाली. "दुसरा कुठला पिनार? गुलाबी होता तवा फडक्यातनं गाळून पेत होतो."

मी ओरडले. का ओरडले, कोणावर, मला माहीत नाही. अहो, सांगायचं नाही का? पिंपात पावसाचं पाणी धरता, ते कासवाला आणि तुम्ही हे पिता? वहिनी घाबरून म्हणाली, पावळीचा पानी काय पियाचा असतो काय, बाय? कौलांवर शेवाळ असता. बरोबर होतं तिचं. तिला शेवाळ दिसत होतं.

मी तशीच चालत कारखान्यात गेले आणि शेठसमोर उभी राहिले. बोलायच्या आधी मला रडू आलं. नोकरीत मी रडले ती एकदाच. शेठनी विचारलं काय झालं, मी सांगितलं, आणि त्यांनी तिथूनच टेंपोवाल्याला हाक मारली. त्या दिवसापासून कारखान्याच्या टेंपोने दादांच्या घरी रोज आमच्या नळाचं पाणी जायला लागलं. भर पावसात, चारी बाजूंनी पाणी वाहत असताना, पाण्याचा टेंपो. रस्त्यावरची माणसं हसायची.

मुंबईचं उत्तर फोनवर आलं. जे जे शोधलं होतं ते सगळं मर्यादेत होतं. "आणि जे शोधलं नाही ते?" मी विचारलं. सर म्हणाले, "मॅडम, ज्याचं नाव माहीत नाही ते शोधायचं कसं?" मी म्हटलं, "मग मी दादांना काय सांगू?" पलीकडे कागद पुन्हा चाळल्याचा आवाज आला. शेवटी म्हणाले, "ठीक आहे म्हणून सांगा," आणि मी वाट बघत राहिले, पण या खेपेला त्यांनी 'बहुतेक' जोडलं नाही. ते मीच मनात जोडलं आणि दादांकडे जाऊन तसंच्या तसं सांगितलं. सगळं, न गाळता. त्यांनी ऐकून घेतलं आणि उद्यापासून टेंपो नको म्हणाले. कासव सोडलं की नाही ते मी विचारलं नाही.

पुडीचा प्रयोग तिथे थांबला. सरांनी पुढे काचेवरचं काम पुरं केलं, त्यावर त्यांचा लेख छापून आला, त्यात जांभ्याचा उल्लेख नव्हता. मला राग आला नाही. जांभ्याविषयी लिहायचं तरी काय? आम्ही परत चुना आणि हिराकसावर आलो, शेवटी कोळशाचं गाळणं बसवलं, आणि व्हरांड्यात पुन्हा गोणी बसल्या. मला त्या गोणी आवडायला लागल्या होत्या. निदान रंग कुठे आहे ते कळत होतं. पुढे लुंग्यांचा धंदा बसला, कारखाना दुसऱ्याच कसल्याशा मालाकडे वळला आणि मी दुसऱ्या ठिकाणच्या टाक्या सांभाळून निवृत्त झाले. ती पूड आता म्हणे जगभर वापरतात, सुधारूनही घेतली असेल. मी तिला नावं ठेवत नाही. उन्हात तो लाल नाहीसा होताना मी डोळ्यांनी बघितला आहे, आणि तसं काही मी पुन्हा बघितलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात दत्तारामदादांकडे गेले होते. ते आता फार हिंडत नाहीत, ओट्यावर बसून असतात. मी आधी विहिरीशी गेले. पाणी खोल गेलं होतं. बराच वेळ बघत राहिले. मग एका कपारीपाशी पाणी हललं आणि ती मान वर आली. तेच कासव की दुसरं, मला ओळखता आलं नाही, आणि मी कोणाला विचारलंही नाही.

ओट्यावर बसले तर सुगंधावहिनीने तांब्या-पेला आणून ठेवला. मी काचेचा पेला भरला आणि हात आपोआप वर गेला. नोकरीची सवय. उन्हाच्या कवडशात धरून बघायला लागले.

वहिनी हसली. "काय बगतंस? रंग नाय त्यात."

"म्हणूनच बघते," मी म्हटलं.

ती समोर बसली. दादाही बघत होते. दोघंही इतकी वर्षं ह्याच पाण्यावर, आणि समोर चांगली ठणठणीत. त्यानेही काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. मी पेला तोंडाला लावला आणि संपवला. पाणी गार होतं, गोड होतं. वहिनीने न विचारता पुन्हा भरला.